घरातलं ऑटोमेशन आणि नवऱ्याचा विरोध – काय करावं?

रानजाई | ८ जून, रात्री १०:१५

तीन आठवडे झाले, या विषयावरून घरात नीट बोलणं नाही. म्हणून इथे लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करते. चिंचवडला आमचं छोटं रो-हाऊस आहे. नवरा शाळेत गणित शिकवतो, मुलीची बारावी झाली, सासूबाई आमच्याकडेच असतात. गेल्या दोन वर्षांत मी सुट्टीच्या दिवशी बसून घरात बरंच काही केलं. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये स्मार्ट बल्ब, पॅसेजमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर, गिझरला वेळापत्रक. सगळं एका रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा कॉम्प्युटरवर, होम असिस्टंट या सॉफ्टवेअरने चालतं (तोच घरचा सर्व्हर), घरातली माहिती घराबाहेर जात नाही. मला या कामाचा मनापासून आनंद आहे.

मे महिन्यात दोन गोष्टी घडल्या. वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली आणि पहाटे तीनला परत आली, तेव्हा घरातले सगळे बल्ब एकदम पांढरेफटक लागले. मुलीची सकाळी सीईटी होती. ती जागी झाली ती पुन्हा झोपलीच नाही.

दुसरी त्याहून वाईट. मी कामासाठी चार दिवस चेन्नईला होते. लाईट जा-ये करत होती, त्यात पायचं मेमरी कार्ड उडालं. हॉलचं मूळ बटण कुणी चुकून बंद करू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली होती आणि शेजारी बॅटरीवरचं बिनतारी बटण बसवलं होतं. ते बटण सर्व्हरमार्फत चालायचं, त्यामुळे सर्व्हर गेल्यावर तेही मेलं. सासूबाई संध्याकाळी मोबाईलच्या टॉर्चवर देवापाशी दिवा लावायला गेल्या. नवऱ्याने नखाने ती चिकटपट्टी खरवडून काढली आणि मला फोन केला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "माझ्याच घरात दिवा लावायला मला तुझी परवानगी लागते का?"

त्या वाक्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. आता तो म्हणतो सगळं काढ. काढून टाकू, की नव्याने काही जमेल? ज्यांनी जोडीदाराला सोबत घेऊन हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

फुलपाखरू_८ | ८ जून, रात्री १०:३१

परवानगीचं ते वाक्य काळजाला लागलं. वाचतेय.

डोंगरवाटा | ८ जून, रात्री ११:०२

रानजाई, नाशिकहून लिहितोय. आमच्याकडे उलटं आहे, नाद मला आणि त्रास बायकोला. पण चिकटपट्टी मीही लावली होती, आणि त्याच दिवसापासून घरात बिनसलं.

आधी तांत्रिक बोलतो. पहाटे बल्ब लागले कारण बहुतेक स्मार्ट बल्ब वीज आली की चालू होतात. तसं नसतं तर भिंतीवरच्या बटणाने ते कधी लागलेच नसते. सेटिंगमध्ये 'पूर्वीची स्थिती' निवडता येते, पण मग बंद असलेला बल्ब बटण खालीवर करूनही लागत नाही. म्हणजे एक त्रास गेला की दुसरा आला. म्हणून हुशारी बल्बात ठेवूच नये. साधे एलईडी बल्ब आणि बोर्डाच्या आत, बटणाच्या मागे छोटा रिले मॉड्यूल, म्हणजे सिग्नलनेही चालू-बंद होणारा स्विच. बटणाची वायर मॉड्यूलला जोडायची. जिन्याचा दिवा वरूनही लागतो आणि खालूनही, तसं दोन्हीकडून चालतं. नेट गेलं, सर्व्हर गेला, राउटर जळला, तरी बटण दाबलं की दिवा लागतो.

आणि झिगबीची (घरातल्या उपकरणांसाठीचं कमी विजेचं बिनतारी तंत्र) बिनतारी बटणं ठेवायचीच असतील तर 'बाइंडिंग' करता येतं का पाहा. बटण आणि दिवा एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये सर्व्हर लागत नाही.

वायरमनदादा | ९ जून, सकाळी ७:२०

इचलकरंजीत वीस वर्षं वायरिंग करतोय. डोंगरवाटा म्हणतात ते बरोबर, पण ताई, मॉड्यूल मागवायच्या आधी बोर्ड उघडून बघा. मॉड्यूलला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, लागतो. ज्या बोर्डावर पाच पिनांचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. नुसत्या बटणांच्या बोर्डात बऱ्याच घरी नसतो, तिथे दुसरीकडून ओढावा लागतो. दुसरं, जुन्या घरात भिंतीत लोखंडी बॉक्स असतात. त्यात मॉड्यूल घातला की सिग्नल मार खातो. आणि मेन पाडल्याशिवाय हात घालू नका. तुम्ही इंजिनिअर असला तरी सांगतो, राग मानू नका.

गिझरचं वेगळं बघा. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. १० अँपिअरच्या प्लगवर रोज चालवला तर पिना गरम होऊन काळ्या पडतात. १६ अँपिअरचाच लावा.

सईचीआई | ९ जून, सकाळी ११:४०

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे हे सगळं नवऱ्याने केलं आणि वर्षभर मी त्याच्याशी भांडले.

मला गॅजेट कळत नाहीत असं नाही, मी बँकेत पूर्ण दिवस सिस्टीमवरच असते. राग वेगळाच होता. अ‍ॅप त्याच्या फोनवर, पासवर्ड त्याच्याकडे, आणि काही बिघडलं की "थांब, मी आल्यावर बघतो". लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मला माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. कुकर लावलाय, हात पिठात, आणि पंख्याचं बटण दाबलं तर पंखा फिरत नाही, कारण रेग्युलेटर काढून त्याने बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटवरचा) पंखा बसवलेला, रिमोट सोफ्याच्या फटीत. वीज वाचते मान्य आहे, पंचाहत्तर वॉटचं काम तीस-पस्तीसमध्ये होतं. पण मला वारा तेव्हा हवा होता.

तुमच्या नवऱ्याचं परवानगीचं वाक्य मी वेगळ्या शब्दांत दहा वेळा बोललेय. रानजाई, राग मानू नका, पण हे करताना तुम्ही त्यांना आधी काही विचारलं होतं का?

शंकासुर | ९ जून, दुपारी १:०५

माझं मत वेगळं आहे. बटण सहा फुटांवर आहे. उठून दाबावं. घरात जितकी यंत्रं वाढतात तितकी बिघडायची ठिकाणं वाढतात. नवरोबांची मागणी मला रास्त वाटते. काढून टाका, घरात शांतता येईल.

उंबरठा | ९ जून, दुपारी ४:३०

शंकासुर, माझं वय ७१. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. रात्री दोनदा उठावं लागतं. सहा फुटांवरचं बटण अंधारात शोधताना मी एकदा पडलो, नशिबाने हाड वाचलं. मुलाने पलंगाखाली सेन्सर आणि पायाशी मंद पिवळी पट्टी लावली. पाय खाली टेकवला की उजेड, संडासापर्यंत वाट दिसते, चार मिनिटांनी आपोआप बंद. सौ.ची झोप मोडत नाही. सुरुवातीला तीच या सगळ्याच्या विरोधात होती. आता लाईट गेली की पहिला प्रश्न तिचाच असतो, "यांच्या पट्टीला इन्व्हर्टर आहे ना?"

शंकासुर | ९ जून, संध्याकाळी ५:१०

काका, हे पटलं. माझे शब्द तेवढ्यापुरते मागे घेतो. आईसाठी विचार करतो. पट्टी कुठली वापरलीत?

उंबरठा | ९ जून, संध्याकाळी ६:०२

मुलाला विचारून कळवतो. उजेड पांढरा घेऊ नका, पिवळाच घ्या. डोळ्यांवर येत नाही.

कातरवेळ | ९ जून, रात्री ८:१५

थोडं अवांतर. आमच्याकडे सासूबाईंना आवडलेली एकच गोष्ट म्हणजे तिन्हीसांजेला अंगणातला आणि तुळशीपाशी लावलेला दिवा आपोआप लागणं. घड्याळाच्या वेळेवर नाही, सूर्यास्तावर. पुण्यात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. सव्वा तासाचा फरक. टायमर असता तर दर महिन्याला बदलावा लागला असता. देवघरातली समई अर्थात हातानेच लावतात, आणि तिथे आम्ही काही करणार नाही हे आधीच ठरलंय.

समुद्रफेन | १० जून, सकाळी ९:५०

देवगडजवळच्या गावातून. इथे मे-जूनला विजा अशा पडतात की एका संध्याकाळी राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि दोन मॉड्यूल गेले. तेव्हापासून आधी अर्थिंग तपासून घेतलं, मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) बसवला, मग बाकीचं. कोकणात घर असलेल्यांनी हे आधी करा. बायकोचं म्हणणं होतं, "जे पावसाळ्यात बंद पडतं ते घरात आणू नको." ती बरोबर होती.

जुनीकॅसेट | १० जून, दुपारी १२:३०

एक माहिती. हे सगळं जुनं आहे. 'वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर' असा शब्दच आहे. 'स्टीरिओफाइल' या अमेरिकन मासिकात लॅरी ग्रीनहिल यांनी तो १९८३ साली वापरला, मोठाले स्पीकर दिवाणखान्यात आणायला बायको हो म्हणेल का, या अर्थाने. ऑटोमेशनवाल्यांनी तोच उचलला.

सईचीआई | १० जून, दुपारी १:१५

माहितीबद्दल आभार, पण हा शब्द मला अजिबात आवडत नाही. त्यात गृहीत धरलंय की घर पुरुषाच्या छंदाचं आणि बायको म्हणजे पास करायची परीक्षा. या धाग्यावर तर नाद बाईला आहे आणि दुखावलाय तो पुरुष. जो घरात राहतो त्याला विचारलं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जुनीकॅसेट | १० जून, दुपारी १:४०

मान्य. शब्द सांगितला, समर्थन नाही केलं.

निळावंती | १० जून, रात्री ९:२०

रानजाई, कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. ते पॅसेजमधले सेन्सर. कोण कधी उठलं, कधी घरी आलं, याच्या नोंदी राहतात ना? त्या कोण पाहतं?

मी कुटुंबांसोबत काम करते. नियत चांगली असली तरी एकाच्याच हातात घराची डायरी असेल तर दुसऱ्याला ती जाणवते. आणि काही घरांत नियत चांगली नसते, तिथे हीच साधनं पाळत ठेवायला वापरली जातात. तुमच्या घरात तसं आहे असं मी म्हणत नाहीये. पण नवऱ्याचा राग फक्त दिव्याचा आहे का, हे त्यांना विचारून पाहा.

रानजाई | १० जून, रात्री ११:४८

निळावंती, तुमचा प्रतिसाद वाचून तासभर काही सुचलं नाही.

हो, नोंदी राहतात. होम असिस्टंटमध्ये मुळात १० दिवसांच्या राहतात, मी त्या वाढवून वर्षभराच्या केल्या होत्या. एप्रिलमध्ये मी नवऱ्याला सकाळी विचारलं होतं, "रात्री दीडला किचनमध्ये होतास, अ‍ॅसिडिटी वाढली का?" मला काळजी वाटली म्हणून विचारलं. तो काहीच बोलला नाही, डबा घेऊन निघून गेला. तेव्हा मला वाटलं, उशीर झाला असेल.

सईचीआई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, विचारलं नव्हतं. दाखवलं होतं, प्रत्येक वेळी, बसवून झाल्यावर. मला वाटायचं की दाखवणं म्हणजेच विचारणं.

फुलपाखरू_८ | ११ जून, सकाळी ८:०५

ताई, इतक्या मोकळेपणाने लिहिलंत. आज रात्री त्यांच्याशी हेच बोला ना, आम्हाला सांगितलंत तसंच.

सातासमुद्रापार | ११ जून, सकाळी ९:३०

न्यू जर्सीहून. आमच्या सासूबाई सहा महिने येतात. अलेक्साशी इंग्रजीत बोलायचा त्यांना संकोच, हिंदी २०१९ पासून चालतं पण त्यांना हिंदीही परकी वाटते. शेवटी नवऱ्याने चार मोठी बटणं लावली आणि त्यावर मराठीत चिठ्ठ्या: 'झोपायचं', 'पूजा', 'टीव्ही', 'सगळं बंद'. त्या आता पाहुण्यांना स्वतः दाखवतात. आवाजावर सगळं करायचा हट्ट धरू नये असं मला तरी वाटतं.

डोंगरवाटा | ११ जून, सकाळी १०:१०

बायकोच्या बाबतीत माझं कशाने जमलं ते सांगायचं राहिलं. आमचं वॉशिंग मशीन गच्चीवरच्या खोलीत. धुणं झालं की नाही बघायला ती दर वेळी दोन जिने चढायची. मी प्लगवर विजेचा वापर मोजणारा मॉड्यूल लावला. वॉट पडून पाच मिनिटं जवळजवळ शून्य राहिले की दोघांच्या फोनवर 'धुणं झालं' असा निरोप येतो. ती कल्पना तिची होती, मी फक्त जोडणी केली. त्यानंतर तिनेच पुढची यादी दिली. माझ्या यादीतलं त्यात काहीच नव्हतं.

वायरमनदादा | ११ जून, दुपारी २:००

गॅसचा सेन्सर लावणाऱ्यांसाठी, कारण निम्म्या घरी चुकीच्या जागी बघतो. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, सेन्सर जमिनीपासून फूटभर वर. पाइपचा गॅस हलका, वर जातो, सेन्सर छताजवळ. पुणे-चिंचवडकडे बऱ्याच जणांनी सिलेंडर सोडून पाइप घेतलाय आणि सेन्सर खालीच राहिलाय. तपासा.

कातरवेळ | ११ जून, दुपारी २:२५

बापरे. आमचा खालीच आहे आणि पाइपला दोन वर्षं झाली. आजच हलवते. वाचनखूण साठवली.

रानजाई | २३ जून, रात्री ९:५५

उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय चैन पडत नव्हती.

त्या रात्रीच बोलले. गच्चीत बसलो होतो. मी आधी एप्रिलच्या त्या सकाळीबद्दल माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की त्या रात्री तो आईच्या तब्येतीची काळजी करत जागा होता, कुणाला कळू नये म्हणून किचनमध्ये जाऊन बसला होता. आणि सकाळी मला ते यंत्राकडून कळलं. "तू उठून आली असतीस आणि शेजारी बसली असतीस तर मी सांगितलं असतं," म्हणाला. दिव्यांचा राग त्या दिवशीपासूनचा होता.

नंतर दोघांनी मिळून घरभर फिरून ठरवलं. हालचालीच्या सेन्सरची नोंद आता होतच नाही, दिवा लावायचा आणि विसरायचं. जुन्या नोंदी त्याच्यासमोर पुसल्या. हॉल आणि बेडरूमचे स्मार्ट बल्ब काढले, बटणांमागे मॉड्यूल बसवले. वायरमनदादा, हॉलच्या बोर्डात न्यूट्रल होता, बेडरूमच्या बोर्डात नव्हता, तुम्ही म्हणालात तसंच. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावली, राउटर आणि पाय छोट्या यूपीएसवर घेतले. मुख्य खातं आता दोघांचंही आहे. आणि फ्यूजच्या डब्याच्या दाराला आतून एक कागद, त्याच्या अक्षरात: कुठली एक वायर काढली की सगळं साध्या बटणांवर येतं. तो कागद त्याने स्वतः करून पाहून मग लिहिला, मी फक्त उभी होते.

गिझरचं वेळापत्रक काढलं. त्याने गणित मांडून दाखवलं की आमचा १५ लिटरचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० वर न्यायला अठरा-वीस मिनिटं घेतो, आणि उठून चहा होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. बरोबर होतं.

सासूबाईंसाठी उंबरठा काकांसारखी पलंगाखालची पट्टी लावली. त्यांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "लाव, पण देवघराकडे नको."

आणि काल सकाळी एक झालं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. पाणी आलं की हा पहाटे पाचला उठून हौदातून वरच्या टाकीत मोटर लावतो, बंद करायला विसरला की टाकी वाहते आणि शेजारच्या काकू ओरडतात. काल पाण्याचा आवाज ऐकून धावत गच्चीत गेला, ओला होऊन खाली आला आणि टॉवेलने डोकं पुसत मला म्हणाला, "हे मोटरचं काही करता येईल का? मला सांग कसं, मीच जोडतो."

म्हणून आता नवा प्रश्न. एक एचपीची मोटर आहे. १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग चालेल?

सईचीआई | २३ जून, रात्री १०:०४

डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाच जोडू दे.

वायरमनदादा | २४ जून, सकाळी ६:५०

ताई, मोटर थेट प्लगवर नको. सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, रिलेचे पॉइंट चिकटतात. मग अ‍ॅपमध्ये बंद दिसते आणि मोटर चालूच राहते. मध्ये काँटॅक्टर (मोठा करंट झेलणारा स्विच) घ्या, मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल, म्हणजे तो ओढणारी गुंडाळी, चालवा. वरच्या टाकीत एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा), भरली की तोडणारा. हौदात दुसरा, पाणी संपलं की तोडणारा, नाहीतर मोटर कोरडी चालून जळेल. दोन्ही फ्लोट कॉइलच्या वायरमध्येच घ्या, नेटवर ठेवू नका. साहेबांना म्हणावं, मेन पाडून काम करा, आणि अडलं तर इथेच विचारा.

रानजाई | २४ जून, सकाळी ७:३५

त्याला वाचून दाखवलं. तो विचारतोय, वरच्या टाकीपासून खाली वायर साधारण बारा मीटर होईल, किती जाडीची घ्यावी?

वायरमनदादा | २४ जून, सकाळी ७:४१

कॉइलपुरती पाऊण स्क्वेअर एमएम पुरते. पण उन्हात राहणार, पाइपात घालूनच न्या.